होईल आणि झाले

‘स्टार्टअप’ हा शब्द आपल्या उपनगरांत आता इतका रुळला आहे, की त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची खटपटही फारसे कोणी करीत नाही. अंधेरीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पवईच्या तळ्याकाठी, बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीतल्या बंद केलेल्या बाल्कनीत, घाटकोपरला स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कुठे ना कुठे कोणीतरी काहीतरी सुरू करीत असतो. ही चांगली गोष्ट आहे. मराठी मध्यमवर्ग नोकरीच्या उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकीत नाही, ही तक्रार आपण लहानपणापासून ऐकत आलो. निदान ती तक्रार करणाऱ्यांना आता आवाज थोडा खाली आणावा लागेल.

तेव्हा उद्योग करावा की करू नये, हा आजचा विषय नाही. विषय त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. समोरचा माणूस खरोखर उद्योग करतो आहे, की उद्योग केल्याचे नुसते मांडे खातो आहे, हे ओळखायचे कसे? आणि हा समोरचा माणूस म्हणजे कधी आपला मुलगा असतो, कधी जावई, कधी शेजारीण, आणि कधी आपण स्वतःच. प्रश्न बड्या गुंतवणूकदारांचा असता तर मी त्यात पडलो नसतो. त्यांच्यापाशी हिशेबनीस असतात, वकील असतात. दहा ठिकाणी घातलेला पैसा नऊ ठिकाणी बुडाला तरी दहाव्यावर त्यांचे निभावून जाते. आपल्यापाशी दहा ठिकाणे नसतात. भविष्यनिर्वाह निधी एकच असतो, राहती जागा एकच असते, आणि आईच्या पाटल्या दोनच असतात.

अशा योजना ऐकताना एक गणित तुमच्या कानावर हटकून पडेल. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांहून अधिक होती. मग योजनाकार म्हणतो, “यातला फक्त एक टक्का आपल्याकडे आला तरी ९३ हजार गिऱ्हाईक झालं की नाही? आणि एक टक्का म्हणजे अगदीच काहीच्या काही कमी धरलंय.” ऐकणाऱ्यालाही पटते. एक टक्का! एवढा तर सहज येईल. या गणितात चूक कुठेच नाही. भागाकार बरोबर आहे. फक्त एवढेच, की गिऱ्हाईक टक्क्यांनी येत नसते. ते एकेक करून येते. पहिले येते ते ओळखीने, दुसरे भिडेने, आणि तिसरे यायचे की नाही ते पहिल्या दोघांना काय मिळाले यावर ठरते. ९३ हजार हा आकडा ज्याला सहज दिसतो, त्याला बहुधा पहिल्या तिघांची नावे विचारली की सांगता येत नाहीत.

मागे मुलुंडचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. चांगली नोकरी सोडून त्याने नारायणगावच्या बाजूच्या शेतकऱ्यांकडून भाजी थेट आणून उपनगरांतल्या सोसायट्यांना घरपोच देण्याचे ठरवले होते, आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेली सारी रक्कम वडिलांनी त्यात घालावी, असा घरात आग्रह चालला होता. “सर, तुमचं तो ऐकतो,” ते म्हणाले. “मला यातलं काही कळत नाही. नाही म्हणालो तर उद्या म्हणेल, बाबांनी पाय ओढले. हो म्हणालो तर—” पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

मुलाने तीन कागद दिले होते. देखणे होते. पहिल्या वर्षी पाच हजार घरे, दुसऱ्या वर्षी पंचवीस हजार. शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल, गिऱ्हाइकाला स्वस्त पडेल, मधला दलाल जाईल, टेम्पो भाड्याने घेऊ, पुढे स्वतःचे होतील, गुंतवणूकदार येतील. मी त्याला बोलावले आणि त्या तीन कागदांवरच्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघा ओढायला सांगितले. त्याने ओढल्या. होईल, मिळेल, जाईल, घेऊ, येतील. भूतकाळी क्रियापद तीन कागदांत मिळून एकच निघाले: ‘ठरवले आहे.’

तो हुशार होता, रागावला नाही. मी त्याला म्हटले, “वडिलांचे पैसे दूर ठेव. तुझी स्वतःची शिल्लक असेल तेवढ्यात सहा शनिवार हे करून पाहा. तुझ्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत. सवलत द्यायची नाही, भीड घालायची नाही, आणि रोज रात्री काय झालं ते लिहायचं.” दोन महिन्यांनी तो एक वही घेऊन आला. पहिल्या शनिवारी बावीस घरांनी भाजी घेतली, तिसऱ्या शनिवारी नऊ. तळाचे टोमॅटो वाटेत चेपले. मेथी दुपारपर्यंत पिवळी पडली. टेम्पो भरलेला असो की अर्धा, डिझेल आणि टोल तेवढाच लागला. बायकांनी भाजी निवडून निवडून घेतली आणि शेवटी उरलेला ढीग कोणी उचलीना. मात्र कांदा, बटाटा, लसूण यांची गिऱ्हाइके टिकली. त्यांतल्या सात घरांनी स्वतः होऊन पुन्हा सांगितले. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन वृद्ध जोडप्यांनी विचारले, की निवडलेली, चिरलेली भाजी देशील का? ती मागणी त्या तीन कागदांत कुठेही नव्हती.

वडिलांनी विचारले, “मग आता काय समजायचं?” मी म्हटले, हा उद्योग चालेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तुमचा मुलगा आता उद्योग करतो आहे, हे सांगू शकतो. त्यांनी रकमेचा एक लहान हिस्सा दिला, बाकीची बँकेत ठेवली.

वहीतल्या ‘झाले’ या गोष्टी सगळ्या सुखाच्या नव्हत्या, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. उलट, बहुतेक नुकसानीच्याच होत्या. खऱ्या कामाला अडचणींची नावे असतात. स्वप्नात अडचण आली तरी ती ‘स्पर्धा’, ‘भांडवलाचा अभाव’ अशा मोघम आणि भारदस्त शब्दांत येते. चेपलेला टोमॅटो स्वप्नात येत नाही.

याचे आपल्या मुंबईतले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लिज्जत पापड. गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात बायका पापड लाटायला बसल्या. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकाकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. एवढा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. भाषणांत, सत्कारांत तो सांगितला जातो. ८० रुपयांचे पुढे किती कोटी झाले, हे ऐकले की टाळ्या पडतात. मला त्यापेक्षा त्याच वर्षीच्या जूनमधली गोष्ट महत्त्वाची वाटते.

जूनमध्ये पाऊस आला. पापड वाळेनात. काम बंद पडले, आणि चार महिने बंद राहिले. मुंबईत पावसाळा येतो हे त्या बायकांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! जन्म इथेच गेलेला. पण मार्चच्या उन्हात केलेल्या बेतात जूनचा पाऊस नसतो, हा मनुष्यस्वभाव आहे. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरले आणि खाटेखाली स्टोव्ह पेटवला. झाले! पावसाळा मिटला. उद्योगशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही खाट तुम्हाला सापडणार नाही, पण कोणी मला अंमलबजावणी म्हणजे काय असे विचारले तर मी ती खाट दाखवीन. चार महिने हात बांधून बसावे लागले, त्याचे दुःख त्यात आहे. आपल्या ऐपतीत काय बसते याचा अंदाज आहे. आणि पुढच्या जूनच्या आधी उपाय हाताशी असला पाहिजे, ही घाईही आहे.

आणखी एक गोष्ट. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचे स्वस्तात विकावेत असा विचार. छगनबापांनी ते थांबवायला सांगितले. एकच प्रत ठेवा, ती उतरू देऊ नका, आणि हिशेब चोख ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. पहिल्या वर्षाची सारी विक्री ६,१९६ रुपयांची होती. हा आकडा आज आपल्याला सांगता येतो, याचे कारण तो त्यांनी लिहून ठेवला होता. तुटलेले पापड शेजाऱ्यांना वाटून टाकले जात. तिसऱ्या वर्षाअखेर बायका तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची अपुरी पडली, तेव्हा नवी जागा घेण्याऐवजी मळलेले पीठच घरोघर गेले. लाटून आणायचे, वजन करून द्यायचे, लाटणावळ घ्यायची. जागेच्या टंचाईतून निघालेली ही पद्धत पुढे संस्थेचा कणा झाली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या गोष्टीला बासष्ट वर्षे होत आली होती.

इथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, की हे पापडाचे ठीक आहे. पापड लोकांना माहीत होता. पण ज्याला काही अगदी नवे करायचे आहे, त्याच्याजवळ ‘झाले’ कुठून असणार? त्याला आधी स्वप्नच पाहावे लागते. आक्षेप रास्त आहे. म्हणून दादासाहेब फाळक्यांकडे पाहू.

हिंदुस्थानात कथापट काढायचा, हे १९१२ साली वेडेपणाचे लक्षण वाटण्यासारखे होते. फाळके विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण पैसा द्यायला कोणी तयार होईना, आणि का व्हावे? चित्रपट म्हणजे काय, तो इथे कसा होणार, हे सावकाराने कशावरून समजावे? फाळक्यांनी त्यांना जगाची आकडेवारी सांगितली नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत, महिनाभराहून अधिक काळ, कॅमेरा एके ठिकाणी ठेवून थोडे थोडे चित्रण केले. आणि पडद्यावर तो वाटाणा मिनिटाभरात भराभर वाढताना दाखवला. ‘अंकुराची वाढ’ असे त्या छोट्या पटाचे नाव सांगतात. तो पाहिल्यावर पैसे देणारे पुढे आले, सरस्वतीबाईंचे दागिने तारण राहिले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

स्वप्न केवढे होते आणि पुरावा केवढा, पाहा. पुरावा एका दाण्याएवढा होता. पण तो भूतकाळातला होता. वाटाणा वाढला होता, चित्र उमटले होते, धुतले गेले होते, पडद्यावर हलले होते. दागिने तारण ठेवण्याआधी घरात एवढे तरी दिसले पाहिजे, असे मी म्हणतो. एवढाही वाटाणा जो लावायला तयार नाही आणि थेट हरिश्चंद्राचे बोलतो, त्याच्या बाबतीत पाटल्या कपाटातच राहू द्याव्यात.

आता खोट्या ‘झाले’विषयी सांगायला हवे, कारण हल्ली तो प्रकार वाढला आहे. कंपनीचे नाव नोंदवले, बोधचिन्ह तयार झाले, स्पर्धेत बक्षीस मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला, असे सारे भूतकाळी असते; पण त्यात गिऱ्हाईक कुठेच नसते. ‘उद्यम’ची नोंदणी २०२० च्या जुलैपासून घरबसल्या, फुकट होते. सोय म्हणून ती उत्तमच. पण ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले मी पाहिले आहे, आणि त्या भिंतीखालच्या टेबलावर धूळ होती. मोठ्या नावांचेही तसेच. अमेरिकेत एलिझाबेथ होम्स या तरुणीने २००३ साली थेरानोस ही कंपनी काढली. रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर अनेक तपासण्या करणारे यंत्र आपल्यापाशी असल्याचा तिचा दावा होता. संचालक मंडळावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ यांच्यासारखी माजी परराष्ट्रमंत्री राहिलेली माणसे होती. यंत्र मात्र सांगितल्याप्रमाणे चालत नव्हते. हे २०१५ साली वर्तमानपत्राने उघडकीस आणले, २०१८ साली कंपनी बंद झाली आणि २०२२ साली गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल होम्स दोषी ठरल्या. स्वप्न रंगवता रंगवता माणूस लबाडीच्या हद्दीत केव्हा शिरतो, ते त्याचे त्यालाही कळत नसावे. किसिंजरना रक्ततपासणीतले काय कळणार, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

सवलतीने मिळालेले गिऱ्हाईक हे दुसरे मृगजळ. पवईला आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २०१४ साली टायनीआउल ही कंपनी सुरू केली. मोबाइलवरून उपाहारगृहातले जेवण मागवण्याची सोय, आणि मोठमोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा. पण २०१५ सालीच नोकरकपातीची वेळ आली. त्या नोव्हेंबरात पुण्याच्या कचेरीत नोकरीवरून काढलेल्या माणसांनी आपल्या पैशांसाठी एका संस्थापकालाच अडवून ठेवले, आणि २०१६ साली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ती मुले आळशी नव्हती. रात्रंदिवस राबत होती. त्या काळी या धंद्यात सवलतींवर मागणी फुगवण्याची चढाओढच लागली होती. निम्म्या किमतीत मिळालेले जेवण मी पुन्हा मागवले, तर मला ते जेवण आवडले की किंमत? याचे उत्तर सवलत बंद केल्याशिवाय मिळत नाही, आणि बंद करायची भीती वाटते. म्हणून मुलुंडच्या मुलाला मी पूर्ण किमतीचा आग्रह धरला होता.

हे झाले मोठ्या पैशांचे. घरगुती उद्योगात मृगजळ वेगळ्या ठिकाणी दिसते: स्वतःच्या श्रमांच्या जागी. समजा, बोरिवलीला दोन जावांनी मिळून डबे सुरू केले. रोज तीस डबे, डब्याला ११० रुपये. कणीक, तांदूळ, डाळ, भाजी, तेल मिळून ६० रुपये, गॅस ८, पोहोचवणाऱ्या मुलाला २०, बांधणीचे ४. उरले १८. तीस डब्यांचे ५४० रुपये रोजचे. पहाटे पाच ते दुपारी एकपर्यंत दोघी उभ्या असतात. म्हणजे सोळा तास. तासाला चौतीस रुपयेही पडत नाहीत. ‘डबे वाढले की परवडेल’ असे घरातले सगळे म्हणतात. कशाने परवडेल? डबे दुप्पट झाले तर कणीकही दुप्पट लागेल आणि उभे राहण्याचे तासही. हां, धान्य वाशीच्या घाऊक बाजारातून आणल्याने साठाचे बावन्न होणार असतील, किंवा एकाच इमारतीतली दहा गिऱ्हाइके मिळाल्याने पोहोचवणे विसावरून बारावर येणार असेल, तर गोष्ट वेगळी. कोणता आकडा, किती रुपयांनी आणि कशामुळे खाली येणार, हे ज्या बाईला सांगता येते तिचा उद्योग चालू आहे. तिला कोणी पदवी विचारू नये. आणि जी नुसती ‘वाढले की’ म्हणते, तिच्या पायांची काळजी घरातल्यांनी करावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड, आणि त्याला माझ्यापाशी सोपी खूण नाही. चिकाटी कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो? अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांच्या आधी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवून पाहिली होती. हत्यारे चांगली झाली. पण त्यांवर ती हिंदुस्थानात बनल्याचा शिक्का मारायला घेणाऱ्याने नकार दिला, आणि शिक्क्यावाचून द्यायला गोदरेज तयार नव्हते. त्यांनी तो धंदा सोडला आणि १८९७ साली लालबागला कुलपे करायला घेतली. तत्त्व सोडले नाही, माल सोडला. त्यांच्या नावाच्या कारखान्याने पुढे विक्रोळीला १९५१ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या बनवल्या. त्याला आधीचा तो बंद पडलेला धंदा आड आला नाही.

लिज्जतच्या बायकांनीही १९६१ साली आपल्या मालाडला शाखा काढून पाहिली होती. ती चालली नाही. पुढे आगपेट्या, चामड्याच्या वस्तू, असेही करून पाहिले; तेही जमले नाही, सोडून दिले. घरातला पैसा घालताना मला म्हणून हे बरे वाटते, की किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नंतर लिहू म्हटले तर लिहिणे होत नाही. मालाडची शाखा न चालल्यावर महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली ती गुजरातेत वालोडला, १९६८ साली. मधल्या सात वर्षांत त्यांनी नाव ठरवले, संस्था रीतसर नोंदवली आणि खादी-ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळवली. आणि या सातही वर्षी पावसाळ्यात पापड वाळवले.